घरची गेल्यावर देवघराचं काय करायचं

मी आर्वी तालुक्यातला कापूसवाला शेतकरी. पाच एकर वावर, वर्धा नदी घरापासून दोन-अडीच कोस. माझी घरची जाऊन तीन वर्षं झाली. हे लिहितोय ते माझ्यासारख्या गड्यांसाठी. आपल्या घरात देवाचं सगळं खातं बायकोकडे असतं. उपास तिचे, वाती तिच्या, कुलदेवतेची ओटी तिला ठाऊक. आपण फक्त नारळ फोडायला पुढं होतो. ती गेली की बायको आणि देव दोघंही एकाच दिवशी घरातून उठून गेल्यासारखं होतं, आणि पुरुषाला याबद्दल कोणी काही सांगत नाही. 'धीर धर' म्हणतात आणि पानठेल्यावर घेऊन जातात.

मला जे जमलं, जे चुकलं आणि जे कोणी आधी सांगायला हवं होतं, ते सांगतो.

पहिले दहा दिवस

सुतकात देवाला हात लावायचा नसतो. हा नियम आधी मला जाच वाटायचा. त्या दहा दिवसांत मात्र देवघराचं दार लोटलेलं होतं, देवाचं तोंड पाहावं लागत नव्हतं, याचं बरं वाटलं. तुम्हालाही तसं वाटलं तर मनाला लावून घेऊ नका. त्या दिवसांत देवाबद्दल काही ठरवायचं नसतं.

जिथं जीव गेला तिथं दहा दिवस दिवा असतो, वात दक्षिणेकडे. त्यात तेल घालायचं काम सुनेला किंवा बहिणीला देऊ नका, स्वतःकडे ठेवा. झोप लागतच नाही. रात्री दोनला उठून बसलं तर घरचे घाबरतात. तेल घालायला उठलं तर कोणी विचारत नाही.

दहाव्याला आम्ही कौंडण्यपूरला गेलो. नदीच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात येतं. रुक्मिणीचं माहेर म्हणतात त्याला. आमची दर कार्तिकात तिथं यात्रेला जायची. पिंडाला पोरगा बसला होता, पण गुरुजींनी नाव आणि गोत्र मला विचारलं. लग्नात उखाणा तिनं घेतला तसा मीही घेतला होता, त्यानंतर छत्तीस वर्षांत तिचं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. मी तिला 'पोराची माय' म्हणायचो आणि ती मला 'आयकता का जी'. गोत्र पटकन सांगितलं आणि नाव घशात अडकलं. पोरगा सांगायला लागला, त्याला मी हातानं थांबवलं. किती वेळ गेला माहीत नाही, गुरुजी चांगले होते, थांबले. म्हणून सांगतो, आदल्या दिवशी सांजेला वावरात जा, बांधावर कोणी नसेल तिथं तिचं नाव चार-पाच वेळा मोठ्यानं घ्या. तिथं रडू येईल ते येऊ द्या. घाटावर मग नाव निघतं.

कावळ्याचं. आमचा पिंड पाऊण तास शिवला नाही. मग सगळे अंदाज बांधायला लागले: धाकटीच्या लग्नात जीव अडकला असेल, नातवाचं तोंड पाहायचं राहिलं असेल, माझ्याकडून काही राहिलं असेल. शेवटचं वाक्य कोणी म्हटलं तेव्हा मला उन्हातही थंडी वाजली. दवाखान्यात न्यायला मी सोयाबीन काढून होईपर्यंत थांबलो होतो, आठ दिवस. ते मला आठवलं आणि कावळ्यालाही ते ठाऊक आहे असं वाटलं. नंतर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि विधी पूर्ण झाला असं सांगितलं. शास्त्रात ती सोय आहेच. हे आधी माहीत असू द्या, घरातल्या दोघांना सांगून ठेवा आणि घाटावर गोष्ट लांबली तर गुरुजींना तुम्हीच म्हणा. ऊन आहे, पाखरं कमी झाली आहेत, घाटावर माणसांची गर्दी आहे. कावळ्याच्या न येण्याला एवढी कारणं पुरतात.

तेरवीबद्दल एकच. कर्ज काढून पंगत घालू नका. ऋण काढून सण करू नका असं गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले. ते आपल्याच मुलखातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. दवाखान्याचा खर्च आधीच डोक्यावर असतो. त्यावर सावकाराचा पैसा घेतला तर पुढच्या हंगामाचं बियाणं उधारीनं येतं. आमच्याकडे साठ पानं उठली, भाजी-पोळी, बुंदी. कोणी नाव ठेवलं असेल तर ते माझ्या कानापर्यंत आलं नाही.

लोक जे बोलतात ते

'भाग्यवान, कुंकवानं गेली.' हे तुम्हाला शंभर वेळा ऐकावं लागेल. तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली, बाया पाया पडल्या. माझ्या मनात येत होतं, नवऱ्याच्या आधी जाणं हे भाग्य असेल तर मी मागं राहिलो ते काय आहे? आणि दाराशी माझी थोरली बहीण उभी होती, बारा वर्षांपूर्वी विधवा झालेली. ज्या बायांनी आमच्या मेलेल्या बाईच्या पाया पडल्या, त्यांनीच बहिणीला ओटी भरू दिली नाही. त्या दिवशी मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव घेतला की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात होणार नाही. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या गावात तो ठराव झाला आहे का, हे बायको असतानाच विचारून ठेवा.

दुसरं मला ऐकावं लागलं ते गाडगेबाबांचंच. बाबा कीर्तनात उभे असताना त्यांचा एकुलता एक पोरगा गेल्याची तार आली. कोट्यवधी गेले, एकासाठी काय रडू, असं म्हणून त्यांनी कीर्तन पुढं चालू ठेवलं. आमच्या भजन मंडळातल्या एका भल्या माणसानं तेराव्या दिवशी मला ही गोष्ट सांगितली. त्याचा हेतू चांगला होता. पण मला वाटलं, मी रडतो म्हणजे माझी श्रद्धा कच्ची आहे. ही टोचणी मला सहा-सात महिने पुरली. आता मला असं वाटतं की बाबांनी ते स्वतःपुरतं म्हटलं होतं. दुसऱ्यांच्या दुःखासाठी तर ते जन्मभर राबले. म्हणून ही गोष्ट कोणी सांगितली तर हात जोडा, आणि रडायचं असेल तर रडा.

दुसरेपणाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं बोलणंही महिना-दोन महिन्यांत निघतं. मी फक्त एवढं म्हणालो, 'वर्ष होऊ द्या जी.' वर्षानंतर कोणी विचारलं नाही.

देवघर

सुतक फिटल्यावर दार उघडलं. देवांवर धूळ, निरांजनात वाळलेलं तेल, एक गोकर्णाचं फूल निळं होतं ते काळं पडलेलं. आणि मला कळेना की यातला कोण कोण आहे. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा ओळखल्या. गजानन महाराजांचा फोटो ओळखला. चांदीचे चार टाक होते, म्हणजे देवाची किंवा वाडवडलांची आकृती उठवलेले छोटे पत्रे. त्यातला एकच कुलदेवतेचा हे माहीत, पण कोणता?

म्हणून काहीही हलवायच्या आधी मोबाइलनं देवघराचा फोटो काढा. कोण कुठं बसतं, शंख कोणत्या बाजूला, घंटा कोणत्या बाजूला, ते जसं तिनं ठेवलं तसं. मग घरातल्या जुन्या बाईला बसवून एकेक टाक हातात घेऊन विचारा आणि लिहून ठेवा. माझी बहीण होती म्हणून निभावलं. तिनं सांगितलं, हा खंडोबा, ही रेणुका, हे दोन वाडवडलांचे, म्हणजे एकावर माझी आजी होती. चाळीस वर्षं रोज मी त्या टाकापुढून जेवायला गेलो होतो.

पितळ चिंच आणि राखेनं घासा, घंटेच्या खाचांना पितांबरी बरी पडते. टाक मात्र जोरानं घासू नका, नक्षी झिजते. विभूतीनं अंगठ्यानं चोळले तरी उजळतात. नैवेद्याचं अवघड वाटत असेल तर दूध-साखर पुरते. घरात भाकरी झाली असेल तर भाकरी. सोवळ्याचं फार मनावर घेऊ नका, आंघोळ केलेली असावी.

आता खरा प्रश्न. मन नसेल तर पूजा करायची का?

मला मन नव्हतं. मी चिडलेलो होतो, आणि त्याचं कारण खाली सांगतो. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी महाराजांचा फोटो उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. सुनेनं सरळ केला. मी परत फिरवला. असं चार-पाच दिवस चाललं, मग सुनेनं हात लावणं सोडलं. बहीण आली, तिनं पाहिलं, काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "रुसाले तरी कोणी समोर लागते न भाऊ. आंघोळ घालत जा, बोलू नको त्याच्यासंग." मी तेच केलं. सहा महिने एक शब्द म्हटला नाही, मंत्र नाही, आरती नाही. पाणी घातलं, पुसलं, दिवा लावला, उठलो. फोटो उलटाच होता, त्याच्या पाठीला फूल वाहायचो.

हे मी तुम्हाला पद्धत म्हणून सांगतो. हात चालू ठेवा. मनाला जबरदस्ती करू नका, आणि मन येत नाही म्हणून हातही थांबवू नका. तिची वेळ सकाळी सहाची होती, तीच ठेवा. त्या वेळी घरात जी पोकळी होते ती दुसऱ्या कशानं भरत नाही. मी चहा, रेडिओ, वावर सगळं करून पाहिलं.

नवस

आमच्या घरचीला पोटाचा आजार निघाला तेव्हा मी शेगावला पायी येईन असा नवस बोललो होतो. ती गेली. मग नवसाचं काय होतं? हे मला कोणाला विचारायची लाज वाटत होती, म्हणून इथं स्पष्ट लिहितो. काम झालं तर फेडतो, असं आपण बोललेलो असतो. काम झालं नाही, देणं लागत नाही. ती भीती मनातून काढा. जायचं असेल तर जा, पण घाबरून जाऊ नका. मी अजून गेलेलो नाही.

दुसरी गोष्ट मात्र शोधून काढा. तिनं बोललेले नवस. बाया घरात सांगत नाहीत, मैत्रिणींना सांगतात. तिच्याबरोबर वेचणीला जाणाऱ्या बाया, भजनातल्या बाया, माहेरची भावजय यांना एकदा चहाला बोलवा आणि विचारा. माझ्या बाबतीत असं झालं. २०१७ च्या हंगामात यवतमाळकडे फवारणीनं माणसं दगावली, त्याच हंगामात मलाही फवारताना भोवळ आली होती, उलट्या, नजर धूसर. तीन दिवस सलाइनवर होतो आणि घरी आलो. पुढं विसरून गेलो. वेचणीतल्या बाईनं सांगितलं, "दादा, तुमच्यासाठी माहूरच्या रेणुकेले खणा-नारळाची ओटी बोलली होती थे. जाणं झालंच नाही. शेवटी दवाखान्यातही मले म्हणे, राहून गेलं व बाई."

पाच वर्षं तिनं ते मनात ठेवलं. दर वर्षी काही ना काही आडवं आलं असेल, बियाणं, पोरीची फी, माझ्या हातात नसलेले पैसे. माझ्यासाठी तिनं मागितलं ते तिला मिळालं. तिच्यासाठी मी मागितलं ते मिळालं नाही. हे कोडं मला सुटलेलं नाही आणि कोणत्याही महाराजानं मला त्याचं पटेल असं उत्तर दिलेलं नाही.

बहिणीला घेऊन मी माहूरला गेलो. आर्वीहून यवतमाळ, तिथून आर्णीमार्गे. ओटी बहिणीच्या हातानं भरायची असं मी घरूनच ठरवून निघालो होतो. वर पोचल्यावर ती मागं सरली, म्हणाली, "तूच भर, मले नाही चालत." मी म्हटलं, देवीला काय चालतं ते देवीला ठरवू दे. तिचा हात थरथरत होता. कोणी अडवलं नाही. तिथं विडा कुटून तांबूल प्रसाद देतात, तो तिनं पदरात बांधून घरापर्यंत आणला आणि सुनेला, वेचणीवाल्या बाईला, सगळ्यांना थोडा थोडा दिला. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी महाराजांचा फोटो सरळ केला. का केला, ते मला सांगता येणार नाही.

तिचा नवस निघाला तर जमेल तेव्हा फेडा. घाई नाही. पण जाताना अशा कोणाला तरी बरोबर घ्या, जिला आजवर मागं उभं केलं गेलं.

बाकीचं थोडक्यात, पण हे टाळू नका

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करा. तिच्या नावानं जमीन असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. हे काम पोरावर सोपवलं तरी चालतं.

फवारणीचं औषध घरात ठेवू नका. हे मी सगळ्यात मनापासून सांगतो. पहिल्या वर्षात, विशेषतः दुपारी, माणूस कोठ्यात एकटा बसतो आणि नजर त्या डबीवर जाते. माझी गेली होती. त्याच सांजेला मी सगळ्या डब्या भावाच्या वावरातल्या खोलीत ठेवून आलो आणि किल्ली त्याच्याचकडे दिली, कारणही सांगितलं. तो रागावला नाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. देवावर विश्वास असणाऱ्यानं तिथं फोन करू नये असं काही नाही. गावच्या आशाताईला सांगितलं तरी ती पुढची वाट दाखवते.

सांजेला एकटं बसू नका. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. तिथं कोणी तब्येत विचारत नाही, सगळे मांडी घालून बसतात, म्हणतात आणि उठतात. तिला गाणं यायचं, मला येत नाही, मी मागं बसतो. ऑक्टोबरच्या सुमारास मोझरीला, गुरुकुंजात, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. त्यांच्या जाण्याच्या वेळेला, ४ वाजून ५८ मिनिटांनी, आलेली सगळी माणसं जागच्या जागी मुकी उभी राहतात. एवढी गर्दी आणि आवाज नाही. पहिल्या वर्षी मी तिथं उभा होतो. प्रत्येकानं आपापलं माणूस मनात आणलं असेल असं मला वाटलं. घरी एकट्यानं गप्प बसणं वेगळं आणि तिथं लाखांत गप्प उभं राहणं वेगळं. एकदा जाऊन पाहा.

वर्ष झाल्यावर पितृपक्षात नवमीला, जिला अविधवा नवमी म्हणतात, कुंकवानं गेलेल्या बाईचं श्राद्ध असतं. सवाष्ण जेवू घालतात. मी सवाष्ण बोलावली आणि तिच्या शेजारी बहिणीचं पान मांडलं. आमच्या घरची बहिणीच्या हातची कढी फार आवडीनं खायची, म्हणून कढी तिलाच करायला लावली. त्या दिवशी कोणाला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

वाती

हे शेवटी ठेवलं, कारण मला यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

चाळीस वर्षं कापूस पिकवला. बरं साल असलं की तीस-पस्तीस क्विंटल जिनिंगला गेला. आणि वात कशी वळतात हे मला माहीत नव्हतं. देवघराच्या खालच्या फळीवर पत्र्याचा डबा होता, तो तिनं वळलेल्या फुलवातींनी भरलेला. मी रोज दोन घेत होतो. एक दिवस डबा उघडला आणि तळ दिसायला लागला. तेव्हा मोजल्या. दोनशे चौदा होत्या. त्या दिवसापासून मी तिच्या वाती वापरणं थांबवलं आणि दुकानातून पुडी आणली. दुकानातली वात भुरभुर जळते, काजळी धरते. दिवा लावताना रोज चुकल्यासारखं व्हायचं.

तुमच्या घरात असा डबा असेल तर आजच मोजा, निम्म्या बाजूला काढा, आणि निम्म्या आहेत तोवर वळायला शिका.

वावरातला कापूस याला उपयोगाचा नाही. त्याची सरकी बोटांनी सुटत नाही, ओढली तर तंतू तुटतो. मागच्या अंगणात संडासाच्या भिंतीशी तिनं देवकापसाचं झाड लावलं होतं. मी दोनदा ते तोडायला निघालो होतो, बोंडअळी त्यावर राहते म्हणून. तिनं तोडू दिलं नाही. देवकापसाची सरकी चिमटीत धरली की आपोआप बाहेर येते. मोकळा झालेला कापूस बोटांनी विंचरायचा, कचरा आणि पिवळा तंतू काढायचा. बोरा एवढा गोळा घेऊन तळहातावर पुरीसारखा गोल पसरायचा, कडा पातळ, मध्ये जरा जाड. मग कडा वर उचलून एकत्र करायच्या आणि बोट दुधात बुडवून शेंडी वळायची, नेहमी एकाच दिशेनं. दूध जास्त झालं तर वात वाळायला दोन दिवस लागतात. माझ्या पहिल्या पन्नासेक वाती पडल्या, उभ्याच राहिल्या नाहीत. खाली कापूस कमी घेत होतो. बूड रुंद पाहिजे.

समईची लांब वात मांडीवर वळतात, धोतर किंवा लुंगी असली तर सोपं जातं, पँटवर कापूस सरकतो. तळहाताला चिमूटभर राख लावा.

झाड नसेल तर बी कोणाच्याही अंगणातून मिळतं, गावात एखाद्या म्हातारीच्या दारात देवकापूस असतोच. मृगाचा पाऊस पडला की लावा, दोन बिया एका जागी, बोटाच्या दोन पेराएवढ्या खोल. पहिलं वर्ष शेळ्यांपासून जपावं लागतं, काट्यांचं कुंपण करा. एकदा धरलं की बरीच वर्षं राहतं. माझ्याकडे या साली बोंडं चांगली आली आहेत. सून आणि मी सांजेला वळत बसतो. तिच्या एकशे सात वाती वेगळ्या डब्यात आहेत, त्या फक्त तिच्या तिथीला काढतो.